चुकीच्या कप्प्यात बारा वर्षं

जर तुमच्या घरात जिना असेल,
    जर त्या जिन्याला वळण असेल,
        जर त्या वळणाच्या वर तुमचं कुणी अंथरुणाला खिळून असेल,

तर मित्रांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. मी एक जुनी फाईल आहे. कपाटात धूळ खात पडलेली, दोरीने बांधलेली फाईल डोळ्यांसमोर आणू नका. मला वजन नाही, रंग नाही, वाळवीलाही माझा उपयोग नाही. यंत्राने काय करावं हे यंत्राला सांगणाऱ्या ओळी असतात ना, त्यातल्या काही ओळी म्हणजे मी.

आधी एक नियम सांगते. आमच्या जगात 'जर' उघडला की तो मिटवावा लागतो. जिथे त्याचा अंमल सरतो, तिथे 'संपलं' असं लिहावं लागतं. एक जरी उघडा राहिला तरी यंत्र पुढचं काही वाचत नाही. वर मी तीन उघडून ठेवले आहेत. तुम्ही विसरलात तरी चालेल. मला विसरता येत नाही.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडकीशी चार टेबलं, टेबलांवर तारांना डाग देण्याच्या सोल्डरिंग-कलमांचा वास, आणि मागच्या भिंतीला लागून एक लोखंडी रूळ. रूळ तिरपा चढत गेलेला, अगदी सरळ, आणि त्यावर एक खुर्ची. हा जिना चढणाऱ्या खुर्च्यांचा कारखाना होता. ज्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे अशा माणसांनी खुर्चीत बसायचं, हातावरचं बटण दाबून धरायचं, आणि खुर्चीने त्यांना रुळावरून वर न्यायचं. बटण सुटलं की खुर्ची जागच्या जागी थांबणार.

मला ताईने लिहिलं. ती तिथली पहिली इंजिनियर. लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत, मालकसुद्धा. मालकांना सगळे मास्तर म्हणत, कारण चहा पिणाऱ्या माणसालाही उभं करून प्रश्न विचारायची त्यांना खोड होती.

खुर्चीच्या बैठकीखाली एका डबीत कार्ड असतं आणि कार्डावर चिप. ते खुर्चीचं डोकं. आता डोकं म्हटलं की ते कधीतरी विचारात अडकणारच. म्हणून चिपमध्येच एक पहारेकरी बसवलेला असतो. तो एकसारखे ठोके मोजत असतो. डोक्याने थोड्या थोड्या वेळाने त्याच्या खांद्याला हात लावून 'मी जागा आहे' म्हणायचं. मग तो पुन्हा एकपासून मोजायला लागतो. ठरलेल्या ठोक्यांत हात लागला नाही तर डोकं अडकलं असं समजून तो सगळं बंद करतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. असं झालं की खुर्चीला आपण रुळावर कुठे आहोत हेच कळत नाही. मग ती कुलूप लावून घेते, आणि कुणी हातचाक फिरवून तिला तळाशी नेईपर्यंत हलत नाही.

पहारेकऱ्याने किती ठोके वाट पाहायची, हे सांगणं माझं काम. माझा आकडा होता बाराशे. त्या चिपमधला पहारेकरी सेकंदाला हजार ठोके मोजत असे. सेकंदाचे दहा भाग केले तर बारा भागांची सवड. ऐसपैस.

चाळीस ओळींची होते मी. ताईने एका बैठकीत लिहिलं, स्वतःलाच वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बरी जमली." तेवढं कौतुक मला पुढे पुष्कळ वर्षं पुरलं.

मग मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. मित्रांनो, इथे जरा सरसावून बसा, माझं सगळं दुःख या जागेवर सुरू होतं.

ओळींच्या फायली कप्प्यांत ठेवतात. पहिला कप्पा गाभ्याचा. गाभा म्हणजे चिपमधला विचार करणारा भाग, त्याला प्रोसेसर म्हणतात. एकाच आखणीचा गाभा कितीतरी कंपन्या आपापल्या चिपमध्ये बसवतात. दुसरा कप्पा चिपचा. गाभ्याभोवती त्या त्या कंपनीने जे स्वतःचं मांडलं, ते त्यात. तिसरा कार्डाचा, कुठली तार चिपच्या कुठल्या पायाला जोडली वगैरे. मी हे असं समजते: नाक खानदानाचं असतं, घड्याळ घराचं. चार भाऊ नाकाने आजोबांवर गेले, म्हणून चौघांच्या भिंतीवरची घड्याळं सारखी चालत नाहीत. गाभा म्हणजे नाक. पहारेकरी म्हणजे घड्याळ. माझी जागा चिपच्या कप्प्यात होती.

पण तेव्हा चिपच एक होती. एकच मूल असलेल्या घरात 'थोरला' अशी हाक कोण मारणार? चिपचा कप्पा कुणी केलाच नव्हता. ताईने मला गाभ्याच्या कप्प्यात सरकवलं आणि डबा उघडून जेवायला बसली.

पुढच्याच आठवड्यात मास्तर एका पाहुण्याला खुर्ची दाखवत होते. काय होतं बघू, म्हणून त्यांनी माझा आकडा बदलला. खुर्ची पाहुण्यासकट गचका खाऊन अर्ध्यावर कुलूपबंद झाली. पाहुणा उतरला तो परत आला नाही. ताईने माझा आकडा पूर्ववत केला आणि माझ्या कपाळावर एक ओळ लिहिली:

हात लावू नये.

का लावू नये, ते लिहिलं नाही. त्या आठवड्यात ते सगळ्यांनाच माहीत होतं.

*

माझी बरकतीची वर्षं सांगायची तर फार काही नाही. मी कपाळावर ती ओळ घेऊन बसले होते आणि खुर्च्या चालत होत्या. प्रत्येक खुर्चीच्या डबीत माझी एक प्रत जाई. कुठल्या घरात, कुठल्या जिन्यात, मी एकाच वेळी शेकडो ठिकाणी होते आणि एकाच कप्प्यात होते.

मास्तरांनी नियम केला होता, की गाभ्याच्या कप्प्यातल्या कशालाही हात लावला तर खुर्च्यांचे सगळे नमुने पुन्हा तपासायचे. तीन आठवड्यांचं काम. म्हणून तिथे कुणी फिरकतच नसे. नव्या माणसाला मास्तर माझ्याकडे बोट दाखवून सांगत, हिने आजवर एकदाही दगा दिलेला नाही. मी काचेच्या कपाटातली कपबशी झाले होते. सगळे कौतुकाने बघत, चहा कुणी पीत नसे.

पाचव्या वर्षी जुनी चिप बाजारातून उठली. मास्तरांनी दुसऱ्या कंपनीची शोधून आणली. ताईच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "गाभा तोच आहे. फक्त अंगरखा वेगळा." दोन दिवसांत काम व्हायला हवं होतं. नव्या चिपमध्ये पहारेकऱ्याचं दार वेगळ्या जागी होतं. नवा 'जर' घातला तर मास्तर त्याला हात लावणं धरत नसत, म्हणून तेवढ्यापुरती ताईने माझ्या पोटात भिंत घातली:

जर जुनी चिप असेल
    पहारेकऱ्याचं दार इथे
नाहीतर
    पहारेकऱ्याचं दार तिथे
संपलं

दार बदललं. आकडा मात्र या भिंतींच्या वर, माझ्या कपाळाशी होता, आणि तिथे लिहिलं होतं हात लावू नये. ताईनेही लावला नाही. नाक तेच आहे हे पाहून सगळ्यांनी घड्याळही तेच आहे असं धरलं.

नवा पहारेकरी घाईचा होता. सेकंदाला साडेबाराशे ठोके मोजायचा. तापला की चौदाशे. बारा भागांची माझी सवड साडेनऊवर आली, आणि उन्हात साडेआठवर.

खोलीतल्या सरळ रुळावर याने काही बिघडत नव्हतं. तिथे डोकं सेकंदाला चार वेळा पहारेकऱ्याच्या खांद्याला हात लावत असे. पण खऱ्या जिन्यांना वळणं असतात. वळणावर बैठक कलू नये म्हणून डोक्याला खूप हिशेब करावा लागतो, आणि तेवढ्यात पहारेकऱ्याकडे जायला नऊ भाग उशीर होतो.

साडेनऊमध्ये नऊ बसतात. साडेआठमध्ये बसत नाहीत.

मला हे दिसत होतं. आत कोंडलेल्याला भिंतीचा पोपडा न् पोपडा पाठ होतो, तसं. पण फाईलला सांगता येत नाही, फक्त वाचलं जाता येतं. आणि कपाळावर ती ओळ असेपर्यंत मला वाचणार कोण?

भिंती वाढत गेल्या. जर रुंद खुर्ची असेल, जर बाहेरच्या जिन्याची असेल, जर तिसरी चिप असेल. चाळीस ओळींची मी तीनशेंची झाले. माझ्या पोटात पहिल्या चिपची खोली अजून होती. त्या चिपच्या खुर्च्या केव्हाच मोडीत गेल्या, तरी दार लावून आतल्या ओळी तशाच बसलेल्या. त्यांना कुणी उठवत नव्हतं आणि कुणी निरोपही देत नव्हतं.

आठव्या वर्षी एक नवा इंजिनियर आला. त्याला सगळे नकाशा म्हणत, कारण तो जेवायच्या आधीसुद्धा डब्याचे कप्पे कागदावर काढील असा माणूस होता. आल्या आल्या त्याने पांढऱ्या फळ्यावर तीन चौकोन काढले, गाभा, चिप, कार्ड, आणि एकेक फाईल कुठली ते विचारत सुटला. माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "ही गाभ्यात कशी? हिला इथे ठेवलं कुणी?"

मास्तर म्हणाले, चालत्या गाड्याला खीळ घालू नका. बाकीचे हसले. ताईने चहाचा कप उचलला आणि खिडकीकडे बघत प्यायली. पुढे नकाशा वर्षातून एकदा माझं नाव काढी आणि दर वेळी त्याला तीन आठवड्यांची आठवण करून दिली जाई. मी नाव निघालं की आशेने ताठ होई. मग पुन्हा सैल.

*

अकरा वर्षं झाल्यावर ताईने एक खुर्ची स्वतःच्या घरी बसवली.

घर दोन खोल्यांचं. खाली स्वयंपाक आणि बाबांचं शिवणयंत्र, वर एक खोली, मधे सोळा पायऱ्यांचा अरुंद जिना आणि नवव्या पायरीवर वळण. बाबा शिंपी होते. चाळीस वर्षं सुई ओवलेली; त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता गुडघे गेले होते. आई वरच्या खोलीत होती. तिची डावी बाजू गेली होती, शब्दही दोनचारच उरले होते. तिला खाली आणायचं तर पलंगही आणायला हवा, आणि तो पलंग जिन्यातून वर गेला होता हेच नवल होतं.

ताई दिवसभर कामावर. बाबा सकाळी वर्तमानपत्र घेऊन वर जात, आईला मथळे वाचून दाखवत, खाली येऊन भात टाकत, आणि जेवण झालं की दुपारी चहाचा थर्मास मांडीवर घेऊन पुन्हा वर. आई हाक मारायची ती चमच्याने. पलंगाच्या दांडीवर दोन टकटक. बाबा खालून चष्म्याच्या घराने रुळावर दोन टकटक करत. एक्कावन्न वर्षांचा संसार एवढ्या आवाजावर व्यवस्थित चालला होता. मी त्यांच्या बैठकीखाली असे. मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम ते.

खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी, खिडकीखाली उभी राहायची. पुढल्या वर्षी उन्हं कडक झाली तेव्हा दुपारी ती खिडकी तापायला लागली.

एक दिवस दुपारी बाबा वळणावर पोहोचले आणि खुर्ची थांबली. बटण दाबून काही होईना. खाली आठ पायऱ्या, वर सात. उतरायला पाय नाहीत, चढायला आधार नाही. वरून टकटक झाली. बाबांनी रुळावर टकटक केली. कुठे आहात? इथेच आहे. पुन्हा टकटक. पुन्हा टकटक. संध्याकाळी ताई येईपर्यंत, अडीच तास, त्या दोघांचं एवढंच बोलणं चाललं होतं. आणि ज्या आकड्याने हे केलं तो बैठकीखालच्या डबीत बसून ऐकत होता. बाबा जिन्यात अडकले होते, आई पलंगात आणि मी चुकीच्या कप्प्यात. तिघांच्या मधे चार हातांचं अंतर आणि एकाचाही दुसऱ्याला उपयोग नाही.

कारखान्याचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बारा फेऱ्या मारल्या, सगळ्या सुरळीत. त्याने कागदावर लिहिलं, यंत्रात दोष नाही, वापरणाऱ्याचा हात स्थिर नाही. बटण थरथरत सुटलं-दाबलं गेलं की खुर्ची कुलूप लावून घेते, हे खरंच आहे. त्यामुळे सगळ्यांना पटलं. मास्तर ताईला मायेने म्हणाले, वयच ते, आमच्याही घरी आहे.

दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदाही. बाबा आता बटण दोन्ही हातांनी दाबत, एका अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवून.

मग दादाचा फोन आला. दादा ताईचा थोरला भाऊ, दुसऱ्या गावी असतो. त्याने आईसाठी शुश्रूषागृहात जागा पाहिली होती. रविवारी येऊन तिला नेणार, खुर्ची काढून टाकायची, बाबांनी खाली राहायचं. भेटायला आठवड्यातून एकदा गाडी पाठवीन म्हणाला. तो वाईट बोलत नव्हता. म्हातारा बाप जिन्यात लटकतो हे लांबून ऐकणाऱ्या मुलाला दुसरं काय सुचणार?

ताईने फोन बाबांकडे दिला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. हात आता माझा राहिला नाही."

आईला कुणी विचारलं नाही. वरून टकटक आली. बाबा खुर्चीकडे गेले नाहीत.

त्या गुरुवारी ताई लवकर घरी आली तर बाबा शिवणयंत्रापाशी बसून सुई ओवत होते. ओवायची, दोरा काढायचा, पुन्हा ओवायची. पुढ्यात कापड नव्हतं. तिला पाहून सुई उशीत खोचून म्हणाले, "पोरी, तू यंत्रातली शहाणी. मला एक सांग. माझा हात जेवल्यावरच कसा थरथरतो?"

ताई पिशवी न ठेवता तशीच उभी राहिली.

"सकाळी वर जातो तेव्हा थरथरत नाही. तुमचा तो मेकॅनिक सकाळीच येतो. मी वेळ विचारतोय, बाकी काही नाही."

*

शनिवारी ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. खुर्ची तीन वाजेपर्यंत उन्हात राहू दिली. मग लॅपटॉप पोटाशी धरून स्वतः बसली आणि अंगठ्याने बटण दाबलं. बाबा खाली कठड्याला धरून उभे.

नववी पायरी. वळण. बैठक सरळ राहायला धडपडली आणि खुर्ची थांबली.

"सोडलंस का बटण?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

ताईने फक्त अंगठा दाखवला. तो अजून बटणावरच होता, नख पांढरं पडेपर्यंत.

मित्रांनो, चिप पुन्हा उठली की आपल्याला कशाने उठवलं त्याची एक खूण ठेवते. मेकॅनिक ती बघत नसत, कारण पहारेकरी गाभ्यात मोडतो आणि गाभा चुकत नाही, असं कारखान्यात सगळे धरून चालत. ताईने वाकून बैठकीखाली तार जोडली. खूण सांगत होती: पहारेकऱ्याने उठवलं.

आणि मग तिने मला उघडलं. सात वर्षांनी.

ती वरखाली जात राहिली. जर, जर, नाहीतर, संपलं. स्वतःच बांधलेल्या चाळीत आपली खोली सापडू नये तसा तिचा चेहरा होता. शेवटी ती माझ्या कपाळाशी आली. हात लावू नये. आमच्यात प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख राहते. तिने ते वाचलं. खाली आकडा वाचला, बाराशे. बोटांवर भागाकार केला. खिडकीतलं ऊन बघितलं.

वरून टकटक आली. ताईने चष्मा काढला आणि तिच्याकडे चष्म्याचं घर नव्हतं म्हणून चष्म्यानेच रुळावर दोनदा टकटक केली.

तिने त्याच जागी बसून त्या खुर्चीतल्या माझ्या प्रतीचा आकडा दोन हजार केला. माझ्या कपाळाला बारा वर्षांनी हात लागला, आणि तोही अडकलेल्या माणसाचा.

आता तिला उतरवणार कोण? बाबा पायथ्याच्या स्टुलावर बसले, हातचाक लावलं आणि फिरवू लागले. चाळीस वर्षं शिवणयंत्राचं चाक फिरवलेला हात. खुर्ची इंच इंच खाली आली. एकदाही धक्का बसला नाही.

ताईने मास्तरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "एक जर टाक आणि मोकळी हो."

"जर टाकून टाकूनच अडकलोय, मास्तर. तिला तिथून काढायला हवी."

"तीन आठवडे तपासणी. अकराशे घरं."

"हो."

मास्तरांनी त्यांच्या नेहमीच्या सुरात विचारलं, "हात लावू नये हे कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"ते लिहायचं राहिलं."

"मला तो पाहुणा आठवतो," मास्तर म्हणाले. "सोमवारी नकाशाला घेऊन बस."

रविवारी दादा आला, मोठी गाडी घेऊन, आईसाठी मागची बैठक काढून. ताईने त्याला खाली स्टुलावर बसवलं आणि तीन वाजेपर्यंत थांब म्हणाली. दोघांचं थोडं वाजलं. दादा म्हणाला, तू कारखान्यातल्या माणसांसारखी बोलतेस. ती म्हणाली, मी कारखान्यातलीच आहे. तीन वाजता खुर्चीची बैठक हाताला चटका देत होती. बाबा थर्मास मांडीवर घेऊन बसले. अंगठ्यावर अंगठा ठेवला.

नववी पायरी आली. बाबांनी डोळे मिटले. पहारेकरी तापून भराभर मोजत होता, बाराशे झाले, साडेबाराशे झाले, आणि डोक्याचा हात त्याच्या खांद्यावर पडला. खुर्ची वळली. बाबांनी डोळे उघडले तेव्हा समोर दार होतं.

ते उतरले नाहीत. तिथूनच खाली वाकून म्हणाले, "म्हणजे माझा हात नव्हता."

"तुमचा नव्हता, बाबा. माझा होता."

बाबांनी मान हलवली. शिंप्याने दुसऱ्याची शिवण पाहून हलवावी तशी. "उसवून घे मग नीट," म्हणाले, आणि आत गेले. दादाने त्या दुपारी खुर्ची आणखी सहा वेळा वरखाली केली, रिकामी, बटणावर बोट ठेवून शेजारून चढत-उतरत, आणि संध्याकाळी गाडीची बैठक परत बसवली.

*

मला उसवलं गेलं. ताई आणि नकाशा शेजारी बसले. नकाशाने फळ्यावर तेच तीन चौकोन काढले, आणि 'मी म्हणत होतो' असं एकदाही म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा. पहारेकऱ्याला हात लावायचा, एवढी सगळ्यांना सारखी असलेली गोष्ट एका लहानशा फाईलीत गाभ्यापाशी राहिली. प्रत्येक चिपला तिचा कप्पा मिळाला, आणि त्यात तिच्या पहारेकऱ्याचं दार, त्याची चाल आणि आकडा. आकड्यावर ताईने लिहिलं: वळणावर नऊ भाग लागतात, उन्हात पहारेकरी घाई करतो, बदलायचा असेल तर वळणाच्या रुळावर आणि तापवून तपासा. मग कुणाला न विचारता हात लावायला हरकत नाही. मागच्या भिंतीला आता वाकडा रूळ आहे.

मोडीत गेलेल्या चिपची खोली उघडली तेव्हा ताईने त्या ओळी एकदा वाचल्या आणि पुसल्या. शेवटी माझ्यात काही उरलं नाही. मग मलाही काढलं. पण आमच्यात काढलेलं जातं कुठे? जुन्या नोंदींत मी आहे, तारखेसकट, कपाळावरच्या ओळीसकट. कुणालाही बघता येते. आत येता येत नाही, बाहेर जाता येत नाही.

मेकॅनिक घराघरांत गेले. अकराशेंपैकी एक घर सोडून सगळी झाली. त्या घराचा फोन लागत नाही, पत्त्यावर दुसरीच माणसं राहतात, खुर्ची आधीची माणसं बरोबर घेऊन गेली म्हणतात. ताईच्या टेबलावर तेवढी एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. कुठेतरी, एका जिन्यात, एका तापलेल्या खिडकीखाली माझी शेवटची प्रत बाराशेचा आकडा धरून बसली आहे. तिथे कुणीतरी वळणावर थांबत असेल आणि स्वतःच्या हाताकडे बघत असेल.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. वस्तू ठेवताना ती कुणाची आहे ते बघून ठेवा. आज एकच आहे म्हणून कुठेही सरकवू नका; उद्या दुसरी येते. कशावर 'हात लावू नये' लिहिलंत तर खाली कारणही लिहा, म्हणजे कारण सरल्यावर कुणाला तरी तो लावता येईल. आणि यंत्र अडलं की आधी म्हाताऱ्या माणसाच्या हाताला दोष देऊ नका. त्याला वेळ विचारा.

आता सुरुवातीला उघडलेलं मिटवायला हवं.

        संपलं
    संपलं

तिसरं मी लिहिलेलं नाही. तुमच्या घरात तशी खुर्ची असेल तर कळवा. तोवर जिन्याचा तो पहिला 'जर' उघडाच राहू दे.